फोनला तानपुरा ऐकू येत नाही

जवारी | रविवार, रात्री ९:४०

कर्वेनगरात घरीच गाणं शिकवते, २१ वर्षं झाली. करोनात सगळ्यांसारखे माझेही वर्ग फोनवर गेले. पुढे पुण्यातली मुलं परत घरी यायला लागली, पण बाहेरगावची पाच जणं अजून फोनवरच शिकतात. त्यातल्या एकीबरोबर गेल्या मंगळवारी जे झालं ते मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मुलगी नाशिकची. तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली, आधी कीबोर्डवर गाणी बसवायची. सध्या यमन राग चालू आहे. गंधार (ग) दर वेळी किंचित चढा लागतो. फार नाही, पण टोचतो. दोन-तीनदा थांबवलं, गाऊन दाखवलं, शेवटी म्हटलं, "अगं, माझ्याकडे नको लक्ष देऊस. तानपुऱ्यात ऐक. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडली की तिच्यातून गंधार वर येतो, त्यात तुझा गंधार सोडून दे." ती जरा घुटमळली. म्हणाली, "ताई, तानपुरा कधी लावता तुम्ही? मला वाटायचं, फोनवर शिकवताना तो नसतोच."

तानपुरा फोनपासून हातभर अंतरावर होता. माझी दुसरी विद्यार्थिनी तो छेडत बसली होती. तीन महिने हे असंच चाललं होतं.

(बाकीचे चौघं आपापल्या घरी दुसऱ्या फोनवर तानपुरा लावून बसतात, म्हणून आजवर हे उघडकीला आलं नाही. हिच्या घरी एकच फोन आहे.)

रात्री मुलाला तानपुरा घेऊन माझ्या फोनसमोर बसवलं, त्याच्या फोनवरून कॉल जोडला आणि आतल्या खोलीत दार लावून, इयरफोन घालून ऐकत बसले. पहिले दोन-तीन सेकंद तानपुरा अगदी स्वच्छ आला. मग वरून कोणी गोधडी टाकावी तसा दबत गेला आणि नाहीसा झाला. मुलाला ओरडून सांगितलं, काहीतरी बोल. तो बोलायचा तेव्हा शब्दांच्या आडून तानपुऱ्याचे तुकडे यायचे. तो गप्प झाला की पुन्हा काही नाही. पंख्याचा आवाज काढून टाकायची सोय असते म्हणे कॉलच्या ॲपमध्ये. त्या सोयीने तानपुऱ्याला पंखा समजून काढून टाकलं.

माझ्या बाईंनी पहिले सहा महिने मला तानपुरा लावायलाच शिकवलं होतं. खुंटी हातात देऊन त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "अजून नाही." कढईचा आवाज, कुकरची शिट्टी, या सगळ्यांतून त्यांना ती तार ऐकू यायची.

बटण बंद केलं की माझी अडचण सुटेल, कळतंय. पण आपल्यापर्यंत येणाऱ्या गाण्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, याने मी हादरले आहे. रेडिओ, तबकडी, कॅसेट, फोन... तुमच्या घरी यातल्या कशाने काय आणलं आणि काय नेलं? लिहा.

ध्वनियंत्री | रविवार, रात्री १०:५५

जवारीताई, ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

ही ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत. बोलणं सारखं बदलत राहतं, मध्ये थांबतं. जे एकसारखं चालू राहतं ते पंखा, एसी, रस्त्यावरची रहदारी असं धरून वजा केलं जातं. तानपुऱ्याचं तर कामच अखंड चालू राहणं, त्यामुळे पहिला बळी त्याचाच. शिवाय आवाजाची पातळीही आपोआप सारखी केली जाते. तुम्ही सूर हळूच लावलात की तो वर ओढला जातो, तारसप्तकात खुला आवाज सोडलात की दाबला जातो. तुम्ही केलेलं लहान-मोठं पलीकडे पोचतच नाही.

उपाय: बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये 'मूळ आवाज' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो तुमच्याकडे चालू करा. जमलं तर वेगळा माईक जोडा, कारण फोन स्वतःही गोंगाट कापतो. आणि मुलीला इयरफोन लावायला सांगा. तानपुरा काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) असेल तर खर्ज साधारण १०४ हर्ट्झला येतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही, त्याच तारेतून बरोबर निघणारे वरचे बारीक स्वर ऐकून कान तो स्वतः उभा करतो.

गंधाराबद्दल. कीबोर्डचा गंधार तानपुऱ्यातून येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). तुमची विद्यार्थिनी बेसूर गात नाहीये. तिने जो गंधार आयुष्यभर ऐकला तोच ती नेमका लावतेय.

आणि तबल्याची साथ ऑनलाइन जमवायच्या भानगडीत पडू नका. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. एकत्र वाजवणाऱ्यांना २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, म्हणजे दोघं दहा मीटरवर बसल्यासारखं. फोनवर तो १५०-२०० सहज होतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास अख्खी मात्राच वाटेत राहते.

सावनी_पु | सोमवार, सकाळी ७:१०

वाचतेय. वाचनखूण साठवली.

जुना_बाजार | सोमवार, दुपारी १:२५

रविवारी जुन्या बाजारात जाऊन ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या शोधणं हा माझा ३० वर्षांचा छंद. त्यामुळे तानपुरा हरवण्याची सुरुवात फोनपासून झाली नाही, एवढं खात्रीने सांगू शकतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली तेव्हा माईक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून, खडा आवाज लावून गायचं. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला असलेली सुई आवाजाच्या जोराने मेणात चर पाडायची. जे जोरात ते उमटणार, जे हलकं ते जाणार. त्या काळातल्या माझ्याकडच्या तबकड्यांवर तानपुरा आहे की नाही हे कान लावूनही कळत नाही. सूर धरून ठेवतात ती सारंगी किंवा पेटी. विजेचं ध्वनिमुद्रण १९२५नंतरचं. वेळेचं गणितही तसंच: १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. त्यात अस्ताई, अंतरा, बोल-ताना, ताना सगळं बसवायचं. एवढं करून शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगतात, कारण मूळ तबकडी छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या माणसांना गाणं कुणाचं हे कळायला हवं होतं. नाव सांगायचे ते सेकंदही त्या तीन मिनिटांतलेच.

तरीही मी तबकडीच्या बाजूने उभा राहीन. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानपणी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. तीन मिनिटांच्या तुकड्याने एका मुलाला घराबाहेर काढलं आणि पुण्याला पुढे काय मिळालं ते आपण सगळे जाणतो. उलट कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही. ते कसे गायचे याचा अंदाज आपण त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून बांधतो. आणि त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर गेली. सूर्याच्या सगळ्या ग्रहांपलीकडे गेलेल्या यानात हे गाणं आहे, आणि ज्यांच्याकडून ते आलं त्या गुरूंचा आवाज इथे कोल्हापुरातही नाही. हे आठवलं की मी माझ्याकडच्या तडा गेलेल्या तबकड्यासुद्धा टाकू शकत नाही.

पेठेतली_सून | सोमवार, रात्री ९:०५

गाण्यातलं मला शास्त्र कळत नाही, घरातलं सांगते.

माझ्या सासूबाई आता ८४ वर्षांच्या. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा त्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होत्या. वाड्यात बारा बिऱ्हाडं आणि रेडिओ एकाकडेच. त्या बिऱ्हाडाच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. नळावर भांडी घासणाऱ्या बायका हात थांबवायच्या, कारण भांड्यांच्या आवाजात शब्द जायचे. सासूबाई वही घेऊन बसायच्या, ऐकता ऐकता शब्द उतरवायच्या. सुटलेले शब्द शेजारच्या काकूंना विचारून भरायच्या. ती वही अजून आहे. काही ओळींत दोन वेगवेगळ्या शाया आहेत. एक त्यांची, एक काकूंची.

आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ची ५६ गीतं झाली, हे त्या अजून कौतुकाने सांगतात. चार आठवडे जास्तीचे मिळाले याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आजही दिसतो.

आता मुलाने त्यांना फोन दिलाय आणि त्यात सगळी ५६ आहेत. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. परवा मी विचारलं, "आज किती ऐकलीत?" म्हणाल्या, "ऐकली कुठली, वाजत होती." मग वही मागितली, एकच गाणं लावलं, संपल्यावर मला फोन बंद करायला लावला. आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या बसलो होतो.

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री १२:२०

इथे सगळे मोठे लोक लिहीत आहेत, तरी माझं म्हणणं मांडते. राग मानू नका.

मी धायरीला राहते. एक खोली आणि स्वयंपाकघर, चार माणसं. बाबा रात्रपाळी करून सकाळी झोपतात. साडेचार-पाच फुटांचा तानपुरा आमच्या घरात उभा करायचा तर कपाट बाहेर काढावं लागेल, आणि त्याची किंमत हा तर वेगळाच विषय. सहा वर्षं गाणं शिकतेय ती फोनमधल्या तानपुऱ्यावर. पट्टी निवडली, इयरफोन घातला, गच्चीत गेले की रियाज सुरू. बाईंकडे आठवड्यातून एकदा जाते, त्यांच्याकडेही इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे, डब्यासारखा.

जुनी मैफल मिळाली की एखादी तान निम्म्या वेगाने लावून ऐकते. कुठल्या स्वराला स्पर्श केला, कुठून वळण घेतलं, ते तेव्हा दिसतं. पूर्वी हे गुरूच्या घरी राहणाऱ्यालाच मिळत असेल. गुरूच्या घरी राहायला मुलींना कोण पाठवत होतं? माझ्या आजीला गाण्याची आवड होती आणि ती आयुष्यभर जात्यावर गायली.

म्हणून तुमच्या धाग्यातलं "यंत्राने तानपुरा नेला" हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं. मला तानपुरा यंत्रानेच दिलाय.

जवारी | मंगळवार, सकाळी ६:३०

तिसरा_मजला, राग कसला मानायचा? तुझी पोस्ट पहाटे उठल्याबरोबर वाचली आणि दोनदा वाचली. तू म्हणतेस ते पूर्ण मान्य. हा इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ साली बंगळुरूच्या रॅडेलने काढला, तेव्हा सुरुवातीला आमच्या बाई नाक मुरडायच्या. पुढे संधिवाताने त्यांची बोटं वळेनात तेव्हा तोच डबा त्यांच्या उशाशी असायचा. मी विसरले होते हे. तू आठवण करून दिलीस.

एकच विचारते. डब्यातला तानपुरा तू निवडतेस, पट्टी सांगतेस, तो लावून मिळतो. न जुळलेला तानपुरा कधी ऐकलास का गं? तारा भांडत असतात, मग एक खुंटी केसभर फिरली की सगळ्या एकदम मिटतात. सूर लागण्याआधी तो लागलेला नसतो, हे कानाला कळणं हाच माझ्या लेखी रियाजाचा निम्मा भाग आहे. तुला तो निम्मा भाग मिळावा असं फार वाटतं. गुरुवारी संध्याकाळी कर्वेनगरला ये. व्यक्तिगत निरोपातून पत्ता पाठवते.

ध्वनियंत्री, 'मूळ आवाज' सुरू केला. नाशिकची पोरगी पहिल्यांदा तानपुरा ऐकून गायचंच विसरली.

कानसेन | मंगळवार, सायंकाळी ५:४५

चर्चा छान चालली आहे. पण सगळा दोष किंवा श्रेय यंत्राला देऊन चालणार नाही. यंत्राभोवतीचे नियम माणसं करतात.

दोन उदाहरणं देतो. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर तिचे स्वर बांधलेले, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांच्या नेमक्या बारीक जागा) चुकतात (ध्वनियंत्रींनी लिहिलेले ते १४ सेंट!). ही बंदी सुमारे तीस वर्षं टिकली. बैठकीत पेटी, नाटकात पेटी, भजनात पेटी आणि रेडिओवर तेवढी नाही. कित्येक पेटीवाल्यांचं उभं आयुष्य त्यात गेलं. रेडिओला पेटी ऐकू येत होती, नीट येत होती. नको होती, एवढंच.

दुसरं आपल्या सवाई गंधर्व महोत्सवाचं. १९५३पासूनचा महोत्सव. मी ७०च्या दशकापासून जातो. रमणबागेत रात्रभर बसायचो. सतरंजीवर घोंगडी, दोन वाजता चहा, पहाटे गारठ्यात अंग आखडलेलं, आणि अशा वेळी ललत किंवा तोडी सुरू व्हायची. मांडवावरचं आभाळ उजळत जायचं तसा राग उजळायचा. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद झाला. नियम योग्यच आहे, मांडवाशेजारी आजारी माणसंही राहतात, आणि गणपतीतल्या स्पीकरच्या भिंतींनी जो छळ मांडलाय तो पाहता हवाच. पण त्याबरोबर उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला मोठ्या मांडवात ऐकणं संपलं. माझ्या नातीने मालकंस शेकडो वेळा ऐकलाय, मध्यरात्री समोर बसून एकदाही नाही. तिला सांगायला जातो तर शब्द अपुरे पडतात.

मिरजवाला | मंगळवार, रात्री १०:१५

मूळ गाव मिरज, पुण्यात २६ वर्षं. घराण्यातच तंतुवाद्यांचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान आहे. भोपळा आमच्याकडे पंढरपूर भागातून येतो.

कानसेनकाका, तुमचं म्हणणं पटलं, पण माझ्या दुकानात उलटंही घडतंय ते लिहितो. जवारी काढणं म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा कानसने तासत जाणं. एकदोन घाव कमी-जास्त झाले तर आवाज बंद होतो नाहीतर फुटतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तो तांदळाच्या दाण्याएवढा पुढे-मागे केला की तार बोलायला लागते. एका तानपुऱ्याला माझी अख्खी दुपार जाते. पूर्वी गवई समोर बसायचे. "थोडी गोल काढा", "थोडी खुली ठेवा" असं सांगायचे. प्रत्येकाची जवारी त्याच्या गळ्याप्रमाणे.

गेल्या चार-पाच वर्षांत लोक येतात आणि फोन पुढे करतात. "काका, असा आवाज काढा." फोनमधला तानपुरा कुठल्यातरी एका तानपुऱ्याचं मुद्रण. तो ज्याच्या गळ्यासाठी लावला असेल त्याचा. आता मी पुण्यातल्या पन्नास गळ्यांसाठी तोच लावायचा. पहिल्यांदा एकाला मी नाही म्हटलं, तर तो दुसरीकडे गेला. आता म्हणतो, "फोन खिशात ठेवा आणि मला सा लावून दाखवा." बरेच जण लाजतात. दुकानात गाऊन दाखवायची सवय राहिली नाही कुणाला. पण गातात. गायल्यावर मी काढलेली जवारी ऐकून फोनचं कुणी नाव काढत नाही.

ध्वनियंत्री | बुधवार, सकाळी ८:००

मिरजवाला, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. उद्यापासून स्टुडिओत तानपुऱ्याला वेगळा माईक लावताना तुमचा तो दोरा आठवणार.

तिसरा_मजला | गुरुवार, रात्री ११:५०

आज जवारीताईंकडे जाऊन आले.

ताईंनी तानपुरा माझ्या मांडीवर दिला, तारा मुद्दाम उतरवलेल्या. खुंट्या इतक्या घट्ट असतात हे माहीतच नव्हतं. पाऊण तास लागला. ताई खरंच स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि तिथून "अजून नाही" म्हणत राहिल्या. शेवटी तार बारीक जुळवायचा मणी थोडासा सरकवला तेव्हा जोडीच्या दोन तारांमधली ती लाटेसारखी थरथर मंदावत मंदावत थांबली. तेव्हा आतून काहीच आलं नाही. मी वाट पाहत बसले, तर ताई दारात उभ्या होत्या, डोळे मिटून.

गंधार ऐकू आला. आधी वाटलं, ताई गुणगुणतायत. भोपळ्याला कान लावला तर कानापेक्षा गालाला जास्त कळत होता. यमनचा आलाप सुरू केला आणि गंधारावर थांबले तर माझा आवाज मलाच ऐकू येईना, आत गेला तो.

ॲप सोडणार नाही, सकाळी बाबा झोपलेले असताना तेच लागणार. पण ताईंकडे त्यांच्या बाईंचा एक जुना तानपुरा पडून आहे, तो त्या मला सहा महिन्यांसाठी देतायत. आईने कपाटामागची जागा मापली. शिलाई मशीन हलवलं तर बसतो.

मिरजवाला काका, रविवारी रिक्षातून आणायचा आहे. खोळ नाहीये त्याला. कशात गुंडाळू? आणि आमच्या त्या भिंतीवर दुपारी ऊन येतं, चालेल का?

मिरजवाला | शुक्रवार, सकाळी ७:०५

उन्हाची भिंत अजिबात नको, भोपळ्याला चीर जाईल. दुसरा कोपरा बघा. निघताना चारही तारा थोड्या उतरवा, तारांखालचे दोरे हलू देऊ नका. भोपळ्याला जाड गोधडी, दांडीला जुनी चादर. रिक्षात भोपळा मांडीवर घ्या, दांडी खांद्यावरून तिरकी बाहेर, आणि रिक्षावाल्याला सांगा सिंहगड रस्त्याचे खड्डे सांभाळून ने. घरी पोचलात की लगेच लावू नका, तासभर तसाच ठेवा. जवारी बिघडली असेल तर दुकानात घेऊन या. येताना काहीतरी गायची तयारी ठेवा.